व्हेपची कॉइल व्हिनेगर-स्पिरिटनं धुणं : पोरांना रीत सांगायची की नाही?

शहापूरकर
बेळगावात माझं औषधाचं दुकान आहे. हल्ली कॉलेजची पोरं येऊन सर्जिकल स्पिरिट मागतात. कुठं लागलंय विचारलं की एकमेकांकडं बघतात. मग एखादा सांगतो, "व्हेपची कॉइल धुवायचीय काका." व्हेप म्हणजे ई-सिगारेट, आणि कॉइल म्हणजे तिच्यातलं लिक्विड तापवून वाफ करणारी तार. परवा एकानं खिशातनं ॲटमायझर, म्हणजे कॉइल आणि कापूस बसवलेला भाग, काढून काउंटरवरच ठेवला. आतला कापूस करपून काकवीसारखा काळा आणि चिकट, तारेवर थर चढलेला, आणि त्यातही अननसाचा वास. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला होता म्हणे. आता स्पिरिटमधून काढून परत ओढणार.

माझं मत सरळ आहे. घरातल्या कुठल्याही पदार्थानं हे धुवू नये आणि धुवायची रीत कुणाला सांगूही नये. रीत सांगितली की "धुतलं म्हणजे चांगलं झालं" हे पोराच्या डोक्यात पक्कं बसतं. लिक्विडमधलं प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन पाण्यात विरघळतं, ते निघून जाईल. पण काळा थर असतो तो गोडीसाठी घातलेल्या सुक्रालोजसारख्या पदार्थांचा आणि फ्लेवरचा. तो तापून तारेला धरून बसलेला असतो. कापूस तर जळलेलाच. त्यात स्पिरिट मुरतं, आणि डिनेचर्ड स्पिरिट (पिता येऊ नये म्हणून मुद्दाम बिघडवलेलं) असेल तर त्यात विषारी मिथेनॉलही मिसळलेलं असू शकतं. ते तापवून छातीत ओढायचं? मी स्पिरिट देत नाही. बाकीच्यांचं काय म्हणणं आहे?

खानापूर_नाका
दादा, तुमच्या तळमळीबद्दल शंका नाही, पण पटलं नाही. तुम्ही नाही दिलं तर पोरगा पुढच्या दुकानात जाईल, नाहीतर घरातलं सॅनिटायझर ओतेल. त्यात परत ग्लिसरीन आणि सुगंधी द्रव्यं.

मूळ कारण बघा. कर्नाटकात २०१६ मध्येच ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आली, २०१९ मध्ये देशभराचा कायदा झाला. नवी कॉइल उघडपणे मिळत नाही. चोरून मिळते ती महाग, आणि असली की नकली ते कळायला मार्ग नाही. म्हणून पोरं जुनीच धुऊन वापरतात. मग निदान एवढं तरी सांगा : धुवायचीच असेल तर नुसतं गरम पाणी, दुसरं काहीही नको, कापूस नवा घाल, पूर्ण वाळल्याशिवाय लावू नको. गप्प बसलात तर तो मोबाईलवर बघून ब्लीच वापरणार. तुमच्या गप्प बसण्यानं कुणाचा फायदा झाला?

शहापूरकर
"कापूस नवा घाल" म्हणायला सोपं. बऱ्याचशा कॉइल बंद डबीतल्या असतात, त्यातला कापूस बदलता येत नाही. पाण्यातून काढली की बाहेरून सुकल्यासारखी दिसते, आत ओल तशीच. आणि कापूस एकदा करपला की त्याची लिक्विड ओढून घ्यायची ताकद कमी होते. मग कोरडा कापूस तारेवर तापतो आणि तोच धूर आत जातो. गरम पाण्याचा सल्ला देऊन आपण त्याला काय दिलं?

रसायनाचा_मास्तर
चिकोडी भागात कॉलेजला शिकवतो. दोघांच्या वादात दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

कढईत तेल जास्त तापून धूर सुटला की डोळ्यांना झोंबतं, त्यात ॲक्रोलिन असतं. ग्लिसरीन वाजवीपेक्षा जास्त तापलं की तेच तयार होतं. कॉइल कोरडी पडली की पोरं ज्याला "जळका पफ" म्हणतात त्यात ॲक्रोलिन आणि फॉर्माल्डिहाइड ही दोन्ही विषारी द्रव्यं असतात. शहापूरकरांचा हा मुद्दा बरोबर.

दुसरं, व्हिनेगर, लिंबू, चिंच. आपल्या घरात पितळेची भांडी चिंचेनं लख्ख होतात, म्हणून हीच युक्ती पोरं ॲटमायझरवर करतात. भांडं लख्ख होतं कारण आंबटानं वरचा थर विरघळतो. म्हणून तर कल्हई नसलेल्या पितळेत आपण ताक-आमटी ठेवत नाही. ॲटमायझरच्या पितळी भागावर मुलामा असतो, तो असा रात्रभर आंबटात ठेवला तर उतरू शकतो, आणि कातीव पितळेत पुष्कळदा थोडं शिसंही असतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी लोकांच्या वापरातली उपकरणं तपासली होती. बाटलीतल्या लिक्विडमध्ये धातू अगदी थोडे, पण तेच कॉइलवरून तापून आलं की वाफेत शिसं, निकेल आणि क्रोमियम किती तरी जास्त. हे न धुतलेल्या कॉइलचं. आंबटात भिजवलेलीचं काय ते समजून घ्या.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि संडासाचं ॲसिड, एका भांड्यात कधीही आणू नका. क्लोरीन वायू सुटतो. दार लावलेल्या न्हाणीघरात हे केलं तर व्हेप राहिलं बाजूला, तिथंच श्वास कोंडेल. ब्लीच आणि स्पिरिट मिसळलं तर क्लोरोफॉर्म तयार होऊ शकतं. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं तर फेस बघायला मिळतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात. खाली उरतं ते खारट पाणी.

आणि म्हणूनच मी खानापूरवाल्यांच्या बाजूनं आहे. मी हे वर्गात सांगतो. व्हेपचं नाव घेऊन सांगतो.

निपाणीकर
सगळी चर्चा धुण्यावर चाललीय, बंदीवर कुणी बोलंना. आमच्या निपाणीत पिढ्यान्‌पिढ्या तंबाखूवर चुली पेटल्या. १९८१ साली दरासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्ग अडवला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. ती तंबाखू आजही कायदेशीर, बिडी कायदेशीर, सिगारेट कायदेशीर. व्हेप विकलं तर मात्र पहिल्या गुन्ह्यालाच एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. हा कुठला न्याय? नियम घालून, तपासून विकायला दिलं असतं तर कॉइल कशाची, लिक्विडात काय, हे डबीवर छापावं लागलं असतं. कुणी व्हिनेगरच्या वाटेला गेलं नसतं बघा.

एक मात्र सांगतो. ओल्या पानात दिवसभर काम केलं की बायकांना गरगरतं, मळमळतं, उलट्या होतात. निकोटीन कातडीतनं आत जातं, हे आमच्याकडं शेतात काम केलेल्याला कुणी शिकवायला नको. ही पोरं उघड्या बोटांनी लिक्विडनं भिजलेला कापूस ओढून काढतात आणि त्याच हातानं वडापाव खातात. त्यांना हे कोण सांगणार?

टिळकवाडीची_आई
निपाणीकर भाऊ, बिडी कायदेशीर आहे म्हणून व्हेपही असावं, हे कसलं गणित? एक चूक उघड चालते म्हणून दुसरीला दार उघडायचं? तुमच्याच गावात आयुष्यभर बिड्या वळलेल्या बायकांचा खोकला ऐकलाय ना तुम्ही? कर्नाटकात आता तंबाखू विकत घ्यायचं वय २१ केलंय, हुक्का बारवर बंदी आणलीय. ते मला योग्यच वाटतं.

आणि मास्तर, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगते. माझा मुलगा बारावीला आहे. त्याच्या दप्तरात आंब्याच्या वासाची छोटी बाटली सापडली. त्याच्या वर्गात कुणी "गरम पाण्यानं धुवा" असं सांगितलं, तर तो घरी येऊन मला हेच ऐकवणार, सरांनीच सांगितलंय. आईचं बोलणं तिथंच संपलं. मला हवंय की त्यानं ते टाकून द्यावं. स्वच्छ ठेवायला शिकावं असं नाही.

रसायनाचा_मास्तर
ताई, तुमची भीती खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. पण मी वर्गात "असं धुवा" म्हणत नाही. काय केल्यावर काय होतं ते सांगतो. करपलेली कॉइल धुऊन नवी होत नाही, हेही त्यातच येतं. सतरा वर्षांच्या पोराला नुसतं "नको" म्हटलं तर तो ऐकतोच असं नाही. कारण कळलं तर निदान ब्लीचची बाटली उचलताना हात थांबेल.

खानापूर_नाका
मास्तर बोलले तेच माझं. शहापूरकर दादा, स्पिरिट देऊ नका, ते मान्य. पण दुकानातून पोरगा रिकाम्या हातानं आणि रिकाम्या कानानं जाऊ नये. सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, तंबाखू सोडवणाऱ्यांची. तेवढा नंबर तरी काउंटरवर चिकटवा की.

शहापूरकर
नंबर चिकटवतो, उद्याच. ब्लीचमध्ये काही मिसळू नका हेही प्रत्येकाला सांगेन, ते जिवावरचं आहे. पण गरम पाण्याची रीत माझ्या तोंडून जाणार नाही. औषधाच्या दुकानात बसलेल्या माणसानं सांगितलेलं लोक औषधासारखं धरतात.

टिळकवाडीची_आई
एक विचारायचं राहिलं. ती बाटली आणि ते यंत्र माझ्याकडं कपाटात आहे. टाकायचं कसं?

शहापूरकर
अक्का, बाटली आधी घट्ट बंद करून लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा. वास गोड असतो, पोर तोंडाला लावतं, आणि निकोटीन विष आहे. मोरीत ओतू नका. यंत्रात लिथियमची बॅटरी असते, ते कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, दाबलं गेलं तर पेट घेतं. जुने मोबाईल, बॅटऱ्या असा ई-कचरा रीतसर घेणाऱ्याकडं द्या. आणि हाताळताना हातमोजे घाला, नाहीतर लगेच साबणानं हात धुवा.