मदत हवी आहे: फुटपाथवर सह्या घ्यायला परवानगी लागते का?

रस्तारुंदीकरणात आमच्याकडची जुनी झाडं जाणार आहेत. आयुक्तांना द्यायच्या निवेदनावर आम्ही महापालिकेच्या बागेबाहेर, फुटपाथवर सह्या घेतोय. तिघंच असतो. टेबल, मंडप, भोंगा काही नाही. पक्षाचा झेंडा नाही, वर्गणीही नाही. तरी बीटवरच्या हवालदारांनी "जमावबंदी आहे, परवानगी आणा" म्हणून उठवलं. तिघांचा जमाव!

वॉर्ड ऑफिस म्हणतं पोलिसांना विचारा, पोलीस ठाणं म्हणतं जागा महापालिकेची. आदेशाची प्रत मागितली, दाखवली नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधल्या कलम ३७(३) चा जमावबंदीचा आदेश शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपुढे चालत नाही, एवढं वाचलंय. घटनेचं कलम १९ (बोलण्याचं, शांततेनं एकत्र येण्याचं स्वातंत्र्य) सांगून पाहिलं, हवालदार हलले नाहीत.

माहिती अधिकारात ३० दिवस जातील आणि हरकतींची मुदत त्याआधीच संपतेय. ऑनलाइन सह्या सुचवू नका, इथली बरीच मंडळी वयस्कर आहेत. सोसायट्यांमध्ये घरोघरी फिरणं चालूच आहे.

वाट न अडवता दोन-तीन जणांनी सह्या घेण्यासाठी खरंच लेखी परवानगी लागते का? लागत असेल तर अर्ज नेमका कोणाकडे करायचा, आणि चालू जमावबंदीचा आदेश लगेच कुठे पाहायला मिळेल?