जुन्या होबी १६ चं वजन कसं उतरवावं? मदत हवी आहे

मंडळी, कॅटमरानवालं कोणी असेल तर सांगा. होबी १६ म्हणजे तसलीच शिडाची बोट, दोन हल (होडीसारखी लांब अंगं) शेजारी जोडलेली.

नेरूळला असतो. मित्राबरोबर भागीत एक जुनी होबी १६ घेतली आहे. भरती बघूनच काढावी लागते, ओहोटीला खाडीतला चिखल पाय सोडत नाही. जोराच्या वाऱ्यात बोट ठीक पळते, पण वारा पडला की हलतच नाही. शेवटी चेन-कप्पीला ताणकाटा लावून सगळं मोजलं. मास्ट (डोलकाठी), शिडं, ट्रॅम्पोलिन (दोन हलमधलं बसायचं कापड) धरून १६५ किलो! क्लासचं, म्हणजे शर्यतीसाठी या जातीच्या बोटींना ठरलेलं वजन १४५. आम्ही दोघं मिळून १३५, म्हणजे पाण्यावरचा बोजा सरळ सात टक्क्यांनी जास्त.

पाणी काढायचे प्लग (बूच) काढून हल तिरपे केले, वाटीभरही पाणी आलं नाही. पण पाच रुपयांच्या नाण्याने ठोकून पाहिलं तर डाव्या हलवर पुढच्या बीमच्या (दोन हल जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) जरा पुढे आवाज बद्द येतो. उजवा टणटणीत आहे.

मित्र म्हणतो, कार्बनची मास्ट टाकू. क्लासच्या शर्यतीत ती चालणारच नाही, आणि त्या पैशात दुसरी जुनी बोट येईल. मग हे वीस किलो काढायचे कुठून?

खाडीकर: बद्द आवाज म्हणजे फायबरची साल आतल्या फोमपासून सुटली आहे. फोममध्ये मुरलेलं पाणी प्लगमधून येत नाही. हल बंद खोलीत ठेवा, झाकणं उघडी टाका, डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) लावा आणि दर आठवड्याला काट्यावर घ्या. वजन उतरायचं थांबलं की मगच बारीक भोकं पाडून पातळ इपॉक्सी (घट्ट होणारा राळेचा गोंद) सोडा. ओल्यावर सोडलंत तर पाणी आतच कोंडेल. आणि आधीच्या मालकाने नाकाकडे पुट्टी थापली आहे का बघा. टोकाचं वजन जास्त नडतं, लाटेवर बोट नाक खुपसत राहते.

दर्यावर्दी_ठाणे: तोवर हलक्या वाऱ्यात दोघंही पुढे सरका, मागची टोकं पाण्यातून उचलली गेली पाहिजेत. फुकटचा उपाय आहे. भिजून जड होणारे जाड दोरही बदला.

धागाकर्ता: नाकावर पुट्टी आहे, दोन्हीकडे. खरवडतो. डीह्युमिडिफायर वाशी-तुर्भ्याकडे भाड्याने कुठे मिळेल? पावसाळ्याआधी उरकायचं आहे.