मदत हवी आहे: जुन्या जीपचं इंजिन उघडायचं की नवी डिझेल थार घ्यायची?

लालमाती (सोमवार, रात्री ९:४०)
मंडळी, तातडीने सल्ला हवाय. जीप सकाळी स्टार्ट होत नाही. सेल्फ मारून मारून एकदाची उठते, मग सगळ्या आवारात पांढरा धूर. मिस्त्री म्हणतो इंजिन उतरवावं लागेल, लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी), पिस्टन आणि हेडचं काम निघेल. खर्च मोठा सांगतोय आणि आठ-दहा दिवस गाडी आत. चुलतभाऊ म्हणतो जुन्यात पैसे घालू नकोस, त्याच्या ओळखीत २०२१ ची डिझेल थार विकायला आहे. कुणी म्हणतं जुनी इंजिनं दणकट, कुणी म्हणतं भरवसा नव्याचाच. नक्की खरं काय? परवापर्यंत मिस्त्रीला हो-नाही सांगायचंय, ऐन सीझन चालू आहे.

सह्यकडा
कोणती जीप? साल? इंजिन कोणतं? किलोमीटर किती झाले? "जीप" एवढ्यावर काय सांगणार?

लालमाती
महिंद्रा एमएम ५४०, १९९६. इंजिन कंपनीचंच. मीटर कधीचा बंद आहे. थार घेऊ की नको, एवढंच विचारतोय.

रानवाट
घाटात चालवत असाल तर आधी टायर बघा. मड टेरेन टायर ओल्या डांबरावर घसरतात, ऑल टेरेन घ्या. चिखलात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते, रस्त्यावर आल्यावर परत भरायची. गाडी कुठलीही असो, निम्मं काम टायरच करतात.

मायकोपंप
एमएम ५४० म्हणजे प्यूजो. एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी, चार सिलिंडर. फ्रान्सच्या प्यूजोकडून परवाना घेऊन महिंद्राने इगतपुरीला बनवलेलं इंजिन. यावर हात काळे करण्यात माझी उमर गेली, तेव्हा नीट वाचा.

हे डीआय, म्हणजे थेट फवाऱ्याचं इंजिन नव्हे. यात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही, आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात फुटतं. थंडीत तो कप्पा गार असतो, म्हणून हीटर प्लग लागतात. प्लग गेले की सकाळी गाडी उठत नाही, उठली तर न जळालेलं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर येतं. आता मला तीन गोष्टी सांगा. एक, इंजिन गरम झाल्यावर धूर जातो का? दोन, धुराला कच्च्या डिझेलचा वास येऊन डोळे चुरचुरतात का? तीन, दुपारी गरम इंजिन बंद करून परत चालू केलं तर एका सेल्फमध्ये उठतं का?

तिन्हीचं उत्तर हो असेल तर इंजिन उतरवायची घाई करू नका.

कॉमनरेल
मायकोपंप काकांचा अनुभव मोठा आहे, पण जुनं म्हणजे दणकट हे मला पटत नाही. तीस वर्षांपूर्वीच्या ज्या जीप आज धावताना दिसतात त्या टिकलेल्या. ज्या टिकल्या नाहीत त्या कधीच भंगारात गेल्या, त्या मोजतो कोण? नव्या थारचं २१८४ सीसीचं एमहॉक डिझेल इंजिन १३० बीएचपी आणि ३०० एनएम देतं. ती ताकद जुन्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त आहे, म्हणून घाटात इंजिनाला रेटावं लागत नाही. ऑइल बदलायचं अंतर लांबलं, धातू आणि मशिनिंग सुधारलं. आणि बिघाड झाला तर स्कॅनर कोड दाखवतो, मिस्त्रीच्या अंदाजावर इंजिन उतरवायची वेळ येत नाही.

मायकोपंप
कोड सेन्सरचा येतो, कारण माणसालाच शोधावं लागतं. नव्या डिझेलच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, दाब हजार-दोन हजार बारच्या घरात. डिझेलमध्ये पाणी आलं की इंजेक्टर गेले, ते गावात उघडता येत नाहीत. आपल्या जुन्या पद्धतीच्या पंप-नोझलला पाण्याने त्रास होतोच, पण तालुक्याच्या पंपवाल्याकडे नोझल टेस्ट करून संध्याकाळी गाडी घरी येते.

कॉमनरेल
पाणी येऊ नये म्हणून तर फिल्टरला वॉटर सेपरेटर आहे. दिवा लागला की पाणी काढायचं. लोक दिव्याकडे बघत नाहीत आणि नाव इंजिनाचं खराब होतं.

जिप्सीवाला
डिझेलच्या भानगडीत पडताच कशाला? चांगली जिप्सी किंग शोधा. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, ८० बीएचपी, टर्बो नाही, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही. सैन्याने उगाच इतकी वर्षं वापरली नाही. टायमिंग बेल्ट तेवढा वेळेवर बदला.

सह्यकडा
जिप्सी हलकी म्हणून चढते, पण पेट्रोल पिते आणि माल फारसा घेत नाही. बाकीचं नंतर. लालमाती, गाडी रोज किती आणि कशी चालते ते अजून तुम्ही सांगितलेलंच नाही. माझ्या मते सगळं त्यावर आहे.

लालमाती (मंगळवार, सकाळी ११:१५)
महाबळेश्वरजवळ भिलारच्या बाजूला स्ट्रॉबेरीचा प्लॉट आहे. पहाटे तोडणी, क्रेट भरायचे, खालून वर डांबरी रस्त्यापर्यंत आणून द्यायचे. अंतर दोन-अडीच किलोमीटर, चढ उभा. अशा सकाळी पाच-सहा खेपा. मध्ये गाडी बंदच असते. वाईला महिन्यातून एखाद वेळी. माल वेळेत वर गेला नाही तर त्या दिवसाचा भाव गेला, म्हणून घाई करतोय.

मायकोपंप काका, तुमच्या तिन्हीला उत्तर हो. डोळे तर असे चुरचुरतात की विचारू नका.

मेलबर्नकर
हे आधी सांगितलं असतं तर निम्मा धागा वाचला असता. अशा वापराला डीपीएफवाली डिझेल घेऊ नका, मग ती कुठल्याही कंपनीची असो.

२०२० पासून आपल्याकडे बीएस ६ हे धुराचे नियम आले, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर बसतो, तोच डीपीएफ. तो भरत आला की गाडी जादा डिझेल सोडून त्याचं तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी एका दमात पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने चालायला हवी. दोन किलोमीटर चढून बंद केली की ते काम अर्धवट राहतं. रोज असंच झालं तर फिल्टर तुंबतो, गाडी ताकद कापते. जाळायला सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं की समजायचं, ते ऑइल आता पातळ झालंय. बेअरिंगला आणि टर्बोला असं ऑइल मारक.

इथे ऑस्ट्रेलियात हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनरच्या २.८ लिटर इंजिनाच्या डीपीएफवरून मोठा सामूहिक दावा चालला. २०१५ ते २०२० मध्ये विकलेल्या गाड्या होत्या. २०२२ साली फेडरल कोर्टाने गाड्यांत दोष असल्याचं मान्य केलं. उलट आउटबॅकमधले लोक अजून लँड क्रूझरच्या वनएचझेड इंजिनाचं नाव घेतात. ४.२ लिटर, सहा सिलिंडर, टर्बो नाही, पंप साधा. इथे त्याची विक्री २००७ ला थांबली, आफ्रिकेत मदतकार्य करणाऱ्या संस्था ते पुढेही वापरत राहिल्या. कारण साधं आहे: डिझेल कसलंही मिळो, ते चालतं आणि हातोडी-पान्यावर दुरुस्त होतं.

कॉमनरेल
हा वापर बघता मेलबर्नकरांशी सहमत. माझं मत सुधारून सांगतो. रोज पन्नास-साठ किलोमीटर हायवे असेल तर नवीन डिझेलच घ्यावी, ती लाखांनी किलोमीटर देते. या कामाला नाही. नवीनच हवी असेल तर जिमनी बघा. १.५ लिटर पेट्रोल, टर्बो नाही, टायमिंग चेन, खालचा गिअर आहे. थारचं दोन लिटर टर्बो पेट्रोलही चालेल, त्यालाही डीपीएफ नाही. पण क्रेट किती बसतात ते मोजून घ्या.

जिप्सीवाला
शेवटी पेट्रोलवरच आलात ना सगळे? मग जुनी जिप्सी काय वाईट?

सह्यकडा
जिप्सीवाले, वेगळा धागा काढा, मीही येतो तिथे. इथे माणसाचा माल खाली अडकलाय.

अवांतर पण कामाचं: लालमाती, १९९६ ची गाडी म्हणजे पहिल्या १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग. हिशोब धरला तर पुढचं २०२६ ला येतंय. तेव्हा धुराची तपासणी होणार, पर्यावरण कर भरावा लागणार. तो आकडा धरून निर्णय घ्या.

मायकोपंप
आता ऐका. हीटर प्लगच्या वायरी सोडवा, प्रत्येक प्लग मल्टीमीटरने बघा. वायर तुटल्यासारखं दाखवलं तर प्लग मेला. मीटर नसेल तर प्लग बाहेर काढा, पक्कडीत धरून बॅटरीचं प्लस प्लगच्या वायर लागते त्या बाजूला आणि मायनस प्लगच्या बॉडीला द्या. आत राहणारं टोक काही सेकंदांत लालभडक व्हायला हवं. हात सांभाळा. चावी फिरवल्यावर प्लगपर्यंत बारा व्होल्ट पोचतात का तेही बघा, कधी कधी प्लग चांगले आणि रिले मेलेला असतो.

प्लग बाहेर असतानाच कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दाब, मोजून घ्या. एखादा सिलिंडर खाली दाखवत असेल तर त्यात थोडंसं ऑइल सोडून परत घ्या, जास्त अजिबात नको. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. रेडिएटरचं झाकण गार इंजिनावर उघडून चालू करा, बुडबुडे येत राहिले तर गॅस्केट गेलं. एवढं बघून मगच उतरवायचं बोला. जो मिस्त्री हे न करता थेट उतरवायचं म्हणतो त्याला मी माझी गाडी दिली नसती.

लालमाती (बुधवार, सायंकाळी ६:३०)
वाईच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला घेऊन आलो. चारपैकी तीन प्लग मेलेले. कॉम्प्रेशन तीन सिलिंडरचं जवळपास सारखं, चौथ्याचं कमी, ऑइल सोडल्यावर चढलं. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. प्लग चारही नवे टाकले. गार इंजिनावर दुसऱ्या सेल्फला उठली, धूर थोडा वेळ राहिला आणि गेला.

मिस्त्रीला आत्ता नको म्हणून सांगितलं. थारही नको. सीझन संपला की चौथ्या सिलिंडरसाठी उघडणार, कारण चढावर ऑइल खातेय हे मलाही दिसतंय. लायनर आणि रिंगांचं काम सातारा-वाई पट्ट्यात नीट कोण करतं?

मायकोपंप
उघडाल तेव्हा एकाच सिलिंडरच्या रिंगा टाकू नका, चारही मोजून घ्या. नोझलही टेस्टला द्या. चौथ्याचं नोझल डिझेल गळत असेल तर लायनरवरचं ऑइल धुवून तेच रिंगा खातं, मग नव्या रिंगाही जातील. तोपर्यंत ऑइल रोज बघा. साताऱ्याच्या कामाचा पत्ता व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

रानवाट
टायर कोणते आहेत ते राहिलंच सांगायचं.