मदत हवी आहे : तान्ह्या बाळाचा सिकलसेलचा ‘एफएस’ रिपोर्ट आईला कसा सांगावा?

प्रश्न (समुदाय आरोग्य अधिकारी, साक्री तालुका)

सिकलसेलसाठी (लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) बाळांच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचे तीन रिपोर्ट आलेत. दोन एफएएस (वाहक), एक एफएस (आजाराची शक्यता). एफएसचं बाळ दीड महिन्याचं आहे. आई पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. सासर नवापूरकडे, आणि दिवाळीनंतर नवरा-बायको ऊसतोडीला बारडोलीकडे जाणार. आधी कोणाला सांगू? पक्का रिपोर्ट येईपर्यंत थांबू का? उपकेंद्रात सोल्युबिलिटीचं (सिकलसेलच्या झटपट तपासणीचं) किट आहे, त्यावर पुन्हा खात्री करून घेऊ का?

प्रतिसाद १ (बालरोगतज्ज्ञ)

शेवटच्या प्रश्नाचं आधी: किटवर तपासू नका. या वयात रक्तात एफ, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं आणि एस, म्हणजे सिकलसेलचं हिमोग्लोबिन, कमी. किट ‘निगेटिव्ह’ दाखवेल, घरचे निर्धास्त होतील आणि बाळ हातचं जाईल. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी ती चाचणी नाहीच.

एफएस म्हणजे ए, म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन, दिसलंच नाही. बहुधा एसएस (आईवडील दोघांकडून एस आलेला), क्वचित एस-बीटा थॅलेसेमिया (एकाकडून एस, दुसऱ्याकडून थॅलेसेमिया). नवा नमुना एचपीएलसीला (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी लॅबची तपासणी) पाठवा, आईवडिलांचेही पाठवा, पण रिपोर्टसाठी थांबू नका. दीड महिन्याच्या लसी लगेच द्या, त्यात न्यूमोकोकल पीसीव्ही आहे. दोन महिन्यांपासून डॉक्टरांच्या देखरेखीत पेनिसिलिन व्ही, १२५ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, तीन वर्षांनंतर २५०, पाच वर्षांपर्यंत. प्लीहा लवकर निकामी होते, म्हणून साधा जंतुसंसर्गही काही तासांत जिवावर बेततो. औषध कशासाठी, हे आईला कळलं तरच ते रोज दिलं जातं.

प्रतिसाद २ (सिकलसेल समुपदेशक, नंदुरबार)

आधी आईला, एकटीला, बसवून. अंगणात आशाताईंनी मोठ्याने ‘तुमचा रिपोर्ट खराब आलाय’ म्हटलं की गाव ऐकतं, आणि सासरी दोष सुनेच्या माथी बसतो. नवऱ्याला कसं नि कधी सांगायचं ते तिच्याशी ठरवा. तिची हरकत नसेल तर दोघांना एकत्र बोलवा.

सुरुवात लांबवू नका. ‘बाळाच्या रक्तात सिकलसेलची खूण दिसलीय. पक्कं करायला आज पुन्हा रक्त घेऊ. औषध आतापासूनच सुरू करायचंय.’ मग गप्प बसा. ती ‘मन्हा पोऱ्याले काय व्हयनं?’ विचारेल, तेव्हाच पुढचं सांगा.

वारसा सांगायला मक्याचे दाणे घ्या, पांढरे आणि लाल. आईच्या मुठीत एक पांढरा, एक लाल. वडिलांच्या मुठीतही तसेच. प्रत्येकाने न बघता एकेक काढायचा. दोन्ही लाल निघाले तर आजार. दाणे परत मुठीत टाका आणि पुन्हा काढा. ‘चार मुलांतलं एक’ म्हणालात, तर एक झालं म्हणजे पुढची तिन्ही सुखरूप, असं लोक धरतात. शक्यता प्रत्येक गरोदरपणात नव्याने चारात एक असते.

आईवडिलांचे रिपोर्ट ज्याचे त्याच्याच हाती द्या. आई एएस (वाहक), वडील एए (वाहक नाहीत) असे आले तर घाईने बोलू नका; आधी नमुने तपासा, मग डॉक्टरांकडे पाठवा.

एफएएसच्या दोन्ही बाळांचं थोडक्यात: ती वाहक आहेत, आजारी नाहीत. औषध नको, पथ्य नको. पण फोनवर सांगू नका. फोनवर ‘सिकलसेल’ एवढंच ऐकू येतं. आईवडिलांची तपासणी मात्र नक्की करा.

प्रतिसाद ३ (लॅब टेक्निशियन)

‘पुन्हा नमुना पाठवा’ असं लिहून आलं तर आजार दिसला असं सांगू नका. बहुतेकदा कागदावर एकावर एक थेंब पडलेले असतात, किंवा ओला कागद पिशवीत घातलेला असतो. कार्ड आडवं ठेवून, उन्हाबाहेर किमान तीन तास वाळवा. बाळाला रक्त चढवलं असेल तर कार्डावर लिहा, नाहीतर दात्याचं ए दिसून रिपोर्ट फसतो.

प्रश्नकर्तीकडून

ऊसतोडीचं काय करू?

प्रतिसाद २

निघण्यापूर्वी फाइलची प्रत, थर्मामीटर आणि मुक्कामाच्या दिवसांचं पेनिसिलिन हातात द्या. माहेर, सासर आणि मुकादम असे तिन्ही फोन नंबर लिहून घ्या. कार्डावर नुसता माहेरचा पत्ता असला की पाठपुरावा तुटतो. मुकादमाला मात्र निदान सांगू नका. ताप १०१ फॅरनहाइट झाला, बाळ एकदम पांढरं पडलं, डाव्या बरगडीखाली पोट फुगलं, हातापायाची बोटं सुजली, तर थेट दवाखाना; घरच्या गोळीवर वाट बघायची नाही. मग विचारा, ‘घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगशील?’ तिच्या उत्तरात ताप आला नाही, तर तेवढा भाग पुन्हा सांगा.