नागपुरात घरून बागकामाची सेवा: दर कसा धरायचा आणि मे महिना कसा काढायचा?

गच्चीबाग_बेसा विचारतात:

नमस्कार मंडळी. मनीष नगर, बेसा, नरेंद्र नगर या पट्ट्यात घरोघरच्या कुंड्यांची, गच्चीची आणि लहान अंगणाची देखभाल करायचं काम सुरू करतोय. दुकान नाही, नर्सरी नाही. घरामागे 10 बाय 15 फुटांची मोकळी जागा आणि एक स्कूटर, एवढ्यावर सुरुवात आहे. महिन्याचा दर कसा ठरवायचा? लोक नवीन झाडंही आणून मागतात आणि जगण्याची हमी मागतात, ती द्यावी का? एप्रिल ते जून या काळात काय केलं नाही की झाडं जातात? सविस्तर सांगा.

माळीकाम_धंतोली:

दर कुंड्या मोजून ठरवू नका, फेरी मोजून ठरवा. उदाहरण घ्या. महिन्याला हातात 20,000 हवेत, पेट्रोल 3,000, सिकेटर (फांद्या छाटायची कात्री), खुरपी आणि फवारणी पंपाची झीज 1,000, असे 24,000 झाले. महिन्यात 24 दिवस काम आणि दिवसाला चार घरं धरली तर 96 फेऱ्या. पाऊस आणि बंद दारं यांत दहा तरी वाया जातात, म्हणून 86 धरा. एक फेरी 279 रुपयांना पडली. त्याखाली गेलात की खिशातून भरताय. म्हणजे 30 कुंड्यांच्या घराला आठवड्यातून एक फेरी असेल तर 1,200 च्या खाली यायचं नाही. खत, माती, औषध यांचं बिल वेगळं. घरं निवडताना एका दिवसाची चारही घरं एकाच वस्तीत बसवा. सकाळी बेसा आणि दुपारी गोधनी केलंत तर चारची तीन होतात.

हमीचं म्हणाल तर सरसकट हमी अजिबात देऊ नका. रोज पाणी घालणारे तुम्ही नाही, घरचे लोक आहेत. पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून द्या: कोणत्या कुंडीला किती पाणी, कोणत्या वेळी, आणि घरचे गावाला गेले तर पाणी कोण घालणार. त्यावर सही घ्या. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. फार तर जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या झाडांची महिनाभराची जबाबदारी घ्या. मार्चनंतर, भर उन्हाळ्यात विकलेल्या झाडाची नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. झाडं विकण्यात नफा दिसतो, पण धंदा देखभालीवर टिकतो. बाहेरगावाहून येणारी बरीच रोपं लाल चिकट मातीच्या गोळ्यात असतात. तो गोळा एकदा सुकला की पाणी बाजूने वाहून जातं. वरून कुंडी ओली दिसते आणि आत मुळं कोरडी राहतात. लावण्याआधी गोळा बादलीत 15 मिनिटं बुडवा, बाहेरची माती बोटांनी सैल करा आणि रोप आठ-दहा दिवस तुमच्या घरामागे सावलीत ठेवूनच गिऱ्हाईकाकडे न्या. ती 10 बाय 15 ची जागा यासाठीच वापरा.

विदर्भ_गच्ची:

उन्हाळ्याबद्दल. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि 25 मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे सर्वात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. गच्चीवरचं झाड उन्हाने जातं त्याहून जास्त तापलेल्या स्लॅबने जातं, कारण काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत मुळं अक्षरशः शिजतात. म्हणून एप्रिल लागताच सगळ्या कुंड्या विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर चढवा आणि एकमेकींना चिकटवून ठेवा. हिरवी जाळी फुलझाडं-भाज्यांना 50 टक्क्यांची, फर्नसारख्या सावलीतल्या झाडांना 75 टक्क्यांची. ती डोक्यावर सात-आठ फुटांवर, आणि पश्चिमेच्या बाजूनेही सोडा, कारण दुपारी तीनचं तिरपं ऊन वरची जाळी अडवत नाही. बांधायची ती स्वतंत्र पाइपच्या चौकटीला. टाकीच्या नळाला बांधली तर अवकाळीचं वादळ नळासकट उपटतं. जूनअखेर जाळी काढा, नाहीतर झाडं लांबट होतात आणि बुरशी धरते.

12 इंची कुंडीला मे महिन्यात रोज दोन ते तीन लिटर पाणी लागतं, निम्मं सकाळी सातच्या आत, निम्मं सूर्य मावळल्यावर. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत कुंडी बदलणं, मुळं छाटणं, रासायनिक खत हे सगळं बंद. मिश्रणासाठी निव्वळ काळी माती नको, ती सुकली की आकसून भेगाळते आणि ओली झाली की हवा अडवते. दहा घमेल्यांत चार माती, तीन कुजलेलं शेणखत, दोन भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक जाडी रेती. माती काळीच असेल तर ती तीन आणि रेती दोन.

गच्चीबाग_बेसा:

खूप उपयोगी. काही घरी कुलरचं उरलेलं पाणी झाडांना घालतात आणि बोअरचं पाणी ठिबकला जोडलंय. पानांच्या कडा करपतात. संबंध आहे का?

विदर्भ_गच्ची:

आहे. कुलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे टाकीच्या तळाचं पाणी मूळ पाण्यापेक्षा जास्त खारं होतं. ते झाडांना नको. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला की नळाचं गोडं पाणी कुंडीच्या दुप्पट मापाने सावकाश ओतून तळातून निघू द्या. ठिबकला जाळीची गाळणी लावा, आठवड्यातून एकदा नळीची टोकं उघडून पाणी सोडा आणि तुंबलेले ड्रिपर (नळीवरची थेंब सोडणारी तोंडं) सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर टाका. 4 लिटर प्रतितासाचा ड्रिपर 15 मिनिटं चालला की एक लिटर, या हिशेबाने टायमर बसवा.

संत्रा_कळमेश्वर:

किडीवरच्या फवारणीबद्दल थोडं. निंबोळी तेल 5 मिली, द्रव साबण 1 ते 2 मिली, पाणी 1 लिटर. तेल आधी साबणात घोटून घ्या, नाहीतर वर तरंगतं. पारा 35 च्या वर असताना फवारू नका, पानं भाजतात. मे महिन्यातल्या लाल कोळ्याला (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) तर संध्याकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा बराच आवर घालतो.

अंगणात संत्रा-लिंबू असेल तर पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) लावा, डिंक्या रोगासाठी, ज्यात खोडातून डिंक गळतो. 100 ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करा. लोखंडी सुरीचं पातं बुडवून पाहा. तांबूस झालं तर चुना कमी पडलाय, अजून घाला. त्याच दिवशी संपवा.

माळीकाम_धंतोली:

कागदपत्रांचं राहिलं. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आधार-पॅनवर ऑनलाइन आणि मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर दुकाने अधिनियमाखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. कीटकनाशकं विकायला परवाना लागतो, त्यामुळे पुड्या बांधून विकू नका; गिऱ्हाईकालाच दुकानातून बंद बाटली आणायला सांगा. आणि अंगणातलं मोठं झाड तोडायला सांगितलं तर महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय करवत लावू नका, महाराष्ट्राचा 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा खासगी आवारातल्या झाडांनाही लागू आहे.