रायझन ५ ३६०० ओव्हरक्लॉक केला, आता स्क्रीनच येत नाहीये

सिडकोवाला:
नमस्कार मंडळी, नाशिकचाच आहे, घरूनच लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. मशीन म्हणजे एएमडीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी ४५० मदरबोर्ड, बॉक्समध्ये आलेलाच कूलर, ८-८ जीबीच्या दोन रॅम, ३२०० स्पीडच्या. रेंडरला, म्हणजे एडिट केलेल्याची शेवटची फाईल तयार व्हायला, फार वेळ जातो म्हणून काल एक व्हिडिओ बघून ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायला बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) मल्टीप्लायर ४३ केला आणि व्होल्टेज १.४ टाकलं. विंडोज चालू झालं, पण रेंडर लावल्यावर दहा मिनिटांत मशीन बंद पडलं आणि तेव्हापासून पंखे फिरतात पण स्क्रीनवर काहीच नाही. प्रोसेसर गेला का? दोन पार्ट्यांची कामं अडकलीत. आणि गेला नसेल तर नीट कसं करायचं तेही सांगा, मला खरंच शिकायचंय हे.

इंदिरानगर_पीसी:
भावा घाबरू नको, एवढ्यात प्रोसेसर जात नाही, बहुतेक बायोसची सेटिंग अडकलीय. बटण बंद कर, वायर काढ, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धर म्हणजे उरलासुरला करंट निघून जाईल, मग बोर्डवरचा गोल सेल काढून पाच मिनिटं बाजूला ठेव आणि परत लाव. सगळं मूळ सेटिंगवर येईल. चालू झालं की इथे सांग.

आता चुकलं कुठे ते बघ. क्लॉक म्हणजे प्रोसेसरचा वेग, तो साधा गुणाकार आहे, १०० मेगाहर्ट्झचा बेस गुणिले मल्टीप्लायर, म्हणजे ४३ टाकलं की ४.३ गिगाहर्ट्झ. क्लॉक वाढवला तर उष्णता त्याच प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजची गोष्ट वेगळी, ती वर्गाने वाढते. समज १.२५ वरून १.४ केलंस, तर नुसत्या व्होल्टेजनेच साधारण २५ टक्के उष्णता वाढली, त्यात क्लॉकची अजून भर. तुझा प्रोसेसर ६५ वॉटचा, सोबतचा कूलर त्या हिशोबानेच दिलेला असतो, तो बिचारा काय करणार. आणि या पिढीच्या चिपला सगळ्या कोअरवर (प्रोसेसरच्या आतल्या काम करणाऱ्या भागांवर) पूर्ण लोड देऊन कायम १.४ ठेवणं बरोबर नाही, मी तरी १.३ च्या वर जात नाही.

सिडकोवाला:
दादा चालू झालं!! सेल काढून लावला आणि लगेच डिस्प्ले आला. फार फार आभार. आता परत करू का, थोडं कमी आकडे टाकून?

जुना_असेंबलर:
थांब रे, लगेच करू नकोस. मी १९९८ सालच्या सेलेरॉन ३००ए पासून हे करतोय, त्याची बस, म्हणजे बेस क्लॉक, ६६ वरून १०० केली की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर सरळ ४५० ला चालायचा, दीडपट, तेही साध्या कूलरवर. तेव्हा कंपन्या भरपूर जागा सोडायच्या. आता तसं राहिलं नाही, तुझा ३६०० एकट्या कोअरवर स्वतःहूनच ४.२ पर्यंत जातो. मल्टीप्लायर फिक्स केलास की ते आपोआप वर जाणं बंद होतं, म्हणजे ४.० फिक्स ठेवलंस तर रेंडरला थोडा फायदा होईल पण एका कोअरवर चालणारी कामं उलट हळू होतील.

त्याआधी एक काम कर, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड बघ. ३२०० ची रॅम आणली तरी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवायची सेटिंग) चालू केल्याशिवाय ती २१३३ नाहीतर २४०० वरच पळत असते, आणि रायझनमध्ये कोअर ज्या आतल्या रस्त्याने एकमेकांशी बोलतात त्याचा वेग रॅमला बांधलेला असतो, म्हणून रॅम हळू तर सगळंच हळू. नाशकात कित्येक मशीन अशी बघितलीत मी, कोणी सांगतच नाही गिऱ्हाईकाला.

आणि कूलर उघडून साफ कर, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदल. पण काढायच्या आधी दहा मिनिटं मशीन चालव म्हणजे पेस्ट मऊ होते, मग पूर्ण बंद करून, वायर काढून स्क्रू सोडव, कूलर हलकेच डावीउजवीकडे फिरव आणि मगच उचल. सरळ ओढलास तर प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, पिना खालीच असतात, एक वाकली तरी जीव जातो आपला. हे मी हात जोडून सांगतोय.

सातपूर_गेमर:
माझा इंटेलचा आय५ १२४०० आहे बी ६६० बोर्डवर, मला जमेल का?

इंदिरानगर_पीसी:
नाही. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी के लागतो आणि झेड चिपसेटचा बोर्ड लागतो. तू रॅमचं एक्सएमपी तेवढं करून घे.

@सिडकोवाला, साफसफाई झाली की मल्टीप्लायर ४० आणि व्होल्टेज १.२५ पासून सुरू कर, मल्टीप्लायर पाव-पाव पायरीने वर जा. प्रत्येक पायरीला सिनेबेंच दहा मिनिटं, मग तासभर ओसीसीटी (दोन्ही प्रोसेसरवर लोड टाकून तपासणारे प्रोग्राम), बाजूला एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रामवर तापमान बघत राहा. या चिपची मर्यादा ९५ डिग्री आहे, पण ८५ च्या पुढे जायला लागलं की मागे फिर. चाचणी भर दुपारी तीन वाजता कर, खोलीतला पंखा बंद करून. डिसेंबरात निफाडकडून गारठा येतो तेव्हा सगळंच पास होतं, मे महिन्यात खोलीच ३८-४० ला गेली की तेच सेटिंग कोसळतं, कारण खोली जेवढी तापते जवळजवळ तेवढाच प्रोसेसरही तापतो. बोर्डवर प्रोसेसरशेजारी पॉवरच्या भागावर हीटसिंक आहे का तेही बघ, नसेल तर मल्टीप्लायरला हातच लावू नको.

जुना_असेंबलर:
अजून एक, पार्टीचं फुटेज आधी वेगळ्या हार्डडिस्कवर कॉपी करून ठेव. अर्धवट स्थिर मशीन दरवेळी बंद पडतंच असं नाही, कधीकधी गुपचूप फाईल खराब करतं, आणि सप्तपदी परत शूट करता येत नाही. ओव्हरक्लॉकला वॉरंटी नसते हेही लक्षात असू दे.

सिडकोवाला:
तीन दिवस लागले पण झालं. रॅम खरंच २४०० वर होती काका, दोन वर्षं!! कूलरमध्ये धुळीचा थर होता नुसता. एक्सएमपी आणि नवीन पेस्ट, एवढ्यानेच तेच रेंडर ५२ मिनिटांवरून ४६ वर आलं, तापमान ९१ वरून ७८. मग ४१ आणि १.२७५ वर ४४ मिनिटं आली, पण दुपारी ८८ ला गेलं. दोन मिनिटांसाठी दहा डिग्री नको वाटलं म्हणून मल्टीप्लायर परत ऑटोवर टाकलाय. पहिल्या पार्टीचा व्हिडिओ आज सकाळी पंचवटीत देऊन आलो, दुसरा आत्ता रेंडरला लावलाय.