शिक्षेविरुद्ध हेबिअस कॉर्पस अर्ज (कैद बेकायदेशीर असल्याचे सांगून न्यायालयाकडे केलेला अर्ज) करता येतो का?

प्रश्न: अमेरिकेत राज्य न्यायालयाने माझ्या भावाला दोषी ठरवले आणि त्याचे अपीलही फेटाळले गेले. त्याच्या वकिलाने घटनास्थळी हजर असलेला साक्षीदार तपासलाच नाही. आता फेडरल (केंद्रीय) न्यायालयात हेबिअस कॉर्पस अर्जाने दाद मागता येईल का?

उत्तर १: येईल, मात्र तो मुद्दा आधी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत मांडलेला असावा लागतो. १९९६ च्या कायद्यानुसार साधारणतः शिक्षा अंतिम झाल्यापासून एक वर्षाची मुदत मिळते. अपिलानंतर शिक्षेला आव्हान देणारा राज्य न्यायालयातील अर्ज रीतसर प्रलंबित असेपर्यंत ती थांबते, पण त्यापूर्वी गेलेले दिवस परत मिळत नाहीत, म्हणून कृपया तारखा आजच तपासा.

उत्तर २: केवळ वकिलाची चूक दाखवणे पुरेसे नाही; ती झाली नसती तर निकाल वेगळा लागण्याची वाजवी शक्यता होती, हेही दाखवावे लागते. साक्षीदाराचे शपथपत्र राज्यातील अर्जालाच जोडा, कारण फेडरल न्यायालय सहसा नवा पुरावा विचारात घेत नाही.